अनामिका वर धरा

‘सर, पहिलं गाणं कधी?’ हा प्रश्न ज्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारला नाही, अशी माणसं मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकतो. बोटांचा विषय निघालाच आहे तर आधीच सांगून टाकतो, की ती गिटारवर धड चालायला लागायलाच सहा महिने जातात. गाणं त्यानंतर. हे ऐकलं की शिकायला आलेल्याचा चेहरा पडतो. आई-बाप बरोबर असतील तर ते एकमेकांकडे बघतात आणि बाप खाकरून म्हणतो, ‘ते ठीक आहे हो, पण गॅदरिंग डिसेंबरात आहे.’ मग मी म्हणतो, ‘मग डिसेंबरात याला टाळ्या वाजवायला पाठवा.’ माझा क्लास कधी भरभरून का चालला नाही, असं बायको अजून विचारते. तिला हे सगळं माहीत आहे, तरी विचारते.

या अंकाच्या संपादकांनी ‘व्यवसायातले काही गोड अनुभव लिहा’ असं कळवलं होतं. आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ आहेत, गोडाची सोय तिकडे होईल. माझ्याकडे जे आहे ते मी लिहितो.

मी बेस गिटार वाजवायचो आणि शिकवायचो. वाजवायचो ते नगर आणि आसपासच्या ऑर्केस्ट्रांत, लग्नांत, हळदींत, जत्रांत. शिकवायचो ते सावेडीतल्या एका दुमजली घराच्या वरच्या खोलीत. खाली पिठाची गिरणी होती. आमच्या घराण्यात आजोबांनी भिक्षुकी केली आणि वडिलांनी शाळेत संस्कृत शिकवलं. बोटांनी दर्भ आणि खडू याखेरीज काही धरायचं असतं हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मी गिटार घरी आणली तेव्हा वडिलांनी तिच्याकडे बघून विचारलं होतं, ‘हिला दोन तारा कमी का? स्वस्तात मिळाली का?’

तर ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. साध्या गिटारला सहा तारा असतात, बेसला चार. त्या जाड असतात आणि त्यांचा आवाज खालचा, खर्जातला. साधी गिटार वाजते ती सगळ्यांना ऐकू येते. बेस वाजतो तो बहुतेकांना ऐकूच येत नाही, तो थांबला की मात्र काहीतरी बिघडलंय एवढं कळतं. काय बिघडलंय ते कळत नाही. आयुष्यभर ज्या कामाचा पत्ता कुणाला लागला नाही ते काम मी केलं, आणि लोकांच्या कानांबद्दल माझं मत तिथेच तयार झालं.

राहात्याची गोष्ट सांगतो. पेरूच्या एका मोठ्या व्यापाऱ्याकडे हळदीचा कार्यक्रम होता. आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक बबनशेठ. गाणं त्यांना कळत नव्हतं, पण रोषणाई फार कळायची. मांडवात विजेच्या जागा मोजक्या होत्या आणि त्यांना फिरत्या दिव्यांची एक माळ जास्तीची लावायची होती. त्यांनी माझ्या अँप्लिफायरची पिन काढली आणि माळेची घातली. वर मला म्हणाले, ‘कीबोर्डवाला डाव्या हातानं काढतोय की तुझं ते ढुम-ढुम. तू आज नुसता उभा राहा. हात हलव.’

मी उभा राहिलो आणि हात हलवत राहिलो. दोन गाणी झाली. मांडवात नाचणाऱ्या बायका एकेक करून खाली बसल्या. तिसऱ्या गाण्याला पोरंही थंडावली. नवऱ्या मुलाचा मामा स्टेजपाशी आला आणि बबनशेठना म्हणाला, ‘काय झालं वो? गानं तेच हाय, पन पाय उचलंना.’ बबनशेठनी गायकाला दम दिला, ढोलकीवाल्याला दम दिला, स्वतः जाऊन आवाजाची बटणं पिळली. मी सावकाश खाली वाकलो, माळेची पिन काढली आणि माझी घातली. चार मात्रांत बायका उठल्या. मामा खूश झाला आणि त्यानं फेटा बांधला तो ढोलकीवाल्याला. बबनशेठ मला म्हणाले, ‘दिवे कुनी बंद केले रं?’

असो. आता बोटांचं सांगतो, कारण हा लेख बोटांचा आहे.

गिटारच्या मानेवर आडव्या पट्ट्या असतात. दोन पट्ट्यांमधल्या प्रत्येक घरात एक सूर. डाव्या हाताची चार बोटं चार लागोपाठच्या घरांवर ठेवायची आणि एक-दोन-तीन-चार असं एकेक दाबत जायचं. मग पुढच्या तारेवर तेच, मग उलट. मग एक-तीन-दोन-चार, एक-चार-दोन-तीन, असे क्रम बदलत जायचं. उजव्या हाताची पहिली दोन बोटं तारेवर आळीपाळीनं चालायची, माणूस चालतो तशी, लंगडायचं नाही. बरोबर ठोके देणारं मेट्रोनोम, आणि तेही इतकं संथ, की दोन ठोक्यांमध्ये माणसाला जांभई येते. एवढंच. यात कुठेही गाणं नाही, टाळ्या नाहीत, मोबाईलवर टाकण्यासारखं काही नाही. म्हणूनच ते कुणाला नको असतं.

एक हॉटेलमालक आले होते, वय पन्नाशीचं. मुलीच्या लग्नात आपण स्वतः एक गाणं वाजवून सगळ्यांना चकित करायचं, असं त्यांनी ठरवलेलं. लग्नाला पंधरा दिवस. मी व्यायाम दाखवला. ते म्हणाले, ‘सर, हे पोरांना ठेवा. मला डायरेक्ट गाणं द्या.’ मी म्हणालो, ‘तुमच्या हॉटेलात मी येतो आणि सांगतो, पीठ मळू नका, डायरेक्ट पोळी द्या.’ त्यांना राग आला. लग्नात ते गिटार गळ्यात घालून उभे राहिले आणि मागून गाणं मोबाईलवरून लावलं होतं, असं मला आचाऱ्याकडून कळलं. लोक चकित झालेच म्हणे.

दुसरे एक एमआयडीसीतले इंजिनीअर. ते मोबाईलवर शिकून आले होते. त्यांना सगळं येत होतं. कोणतं लाकूड चांगलं, कोणती तार कोणत्या देशातली, कोणता वादक कुठे अंगठा ठेवतो, सगळं. मी म्हणालो, व्यायाम वाजवा. त्यांनी एक वाजवलं, दोन वाजवलं, मग थांबून मला तिसऱ्या बोटाच्या कोनाबद्दल प्रश्न विचारला. ते माझ्याकडे आठ महिने होते आणि प्रश्न फार चांगले विचारायचे.

अशा माणसांवर मी तोंडसुख घेतो ते उगाच नाही. मी स्वतः शिकलो ते तसं शिकलो नव्हतो. माझे गुरू भिंगारचे गायकवाडसाहेब. लष्करी बँडमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, उंच, शिस्तीचे. आधी ते माणसाएवढा उभा बेस वाजवायचे, मग बेस गिटार. नोकरीनंतर भिंगारच्या बाजारामागे बैठ्या घरात राहायचे. मी सायकलवरून सकाळी सहाला जायचो. त्यांची शिकवण्याची पद्धत अगदी सोपी होती. ते वाजवायचे आणि म्हणायचे, ‘ऐसा.’ मी वाजवायचो. ते म्हणायचे, ‘ऐसा नहीं.’ पुन्हा वाजवून दाखवायचे. प्रश्न विचारायचा प्रश्नच नव्हता. ते जसे बसायचे तसा मी बसलो, ते गिटार जशी मांडीवर घ्यायचे तशी घेतली, आणि त्यांची बोटं जशी पडायची तशी पाडली.

त्यांच्या बोटांत एक खास गोष्ट होती. ते अनामिका, म्हणजे करंगळीशेजारचं बोट, तारेला लावायचेच नाहीत. तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी एवढ्यांवर त्यांचं सगळं चालायचं, आणि अनामिका ताठ, वर उचललेली. वाचकांनी चहाचा कप जरा खाली ठेवावा. पंजा टेबलावर पालथा टेकवा आणि बाकीची बोटं न हलवता एकटी अनामिका उचलून बघा. जेमतेम उचलते ना? आता ती तशीच वर ठेवून करंगळीनं जोरात टेबल दाबा. मनगटापासून कोपरापर्यंत जी ओढ बसते ती सोसून तासन् तास वाजवायचं. मला ते यायला वर्ष लागलं. ज्या दिवशी आलं त्या दिवशी साहेब माझ्या हाताकडे बराच वेळ बघत राहिले आणि त्यांनी आत जाऊन चहा सांगितला. मी सायकलवरून घरी आलो तो हवेतच.

मग मी शिकवायला लागलो आणि माझ्या क्लासचा पहिला नियम झाला, ‘अनामिका वर धरा.’ वरचा व्यायाम माझ्याकडे एक-दोन-चार असाच चालायचा, तीनला सुट्टी. ज्याचं बोट खाली येई त्याच्या बोटावर मी पेन्सिल मारायचो. का वर धरायची, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर तयार होतं, आणि ते मी स्वतः तयार केलेलं होतं. मी सांगायचो, पूजेच्या वेळी दर्भाचं पवित्रक अनामिकेतच का घालतात? या बोटात काहीतरी आहे. ते सोन्याचं बोट आहे, ते झिजवायचं नाही, ते वर राहिलं की बाकीच्या तिघांना ताकद येते. ऐकणारे माना डोलवायचे. वडिलांकडून मिळालेलं संस्कृत आणि गायकवाडसाहेबांकडून मिळालेलं बोट यांची मी अशी सांगड घातली होती, आणि वर्षानुवर्षं लोकांना पाजली. एकदा पुण्यात एका कीबोर्डवाल्यानं माझ्या एका विद्यार्थ्याला विचारलं, ‘नगरचा का तू? बोट वर आहे म्हणून म्हटलं.’ हे मला कळल्यावर मी चार लोकांना पेढे दिले.

रेखा माझ्याकडे आली तेव्हा बावीस वर्षांची होती. पाथर्डीकडचं कुटुंब, आई-वडील ऊसतोडीला राहुरीकडे यायचे ते पुढे देवळाली प्रवरालाच राहिले. ती नगरला डी.एड. करत होती आणि क्लासला पहिल्या दिवशी आली ती थेट म्हणाली, ‘सर, मला येत काई न्हाई. तुमी सांगाल ते करीन.’ मी वाट बघत होतो. तिनं पहिल्या गाण्याचं विचारलं नाही. त्या एका हाताच्या बोटांतलं ते पहिलं बोट.

इतकी मेहनत करणारं माणूस मी पाहिलेलं नाही. गिटार तिच्याकडे नव्हती, म्हणून झाडूच्या दांड्यावर खुणा करून ती खोलीवर बोटं चालवायची. चार महिन्यांत तिचा हात असा बसला, की मी खाली गिरणीवाल्याला वर बोलावून ऐकवलं. तो म्हणाला, ‘गिरणीचा पट्टा चालतोय असं वाटतंय,’ आणि ती खरी दाद होती, कारण पट्टा कधी चुकत नाही. दीड वर्षात ती माझ्याबरोबर कार्यक्रमांना उभी राहायला लागली. लोक तिच्याकडे बघायचे ते मुलगी म्हणून, ऐकायचं कुणीच नाही, पण ते माझ्याही वाट्याला होतंच.

त्याच सुमारास पुण्यात काही मुली मिळून बँड काढत होत्या. सगळ्या बायकाच. त्यांना बेस वाजवणारी मिळत नव्हती. कुठून तरी रेखाचं नाव गेलं आणि त्यांनी तिला दोन महिन्यांनी ऐकवायला बोलावलं. मी पेटलोच. रोजचे दोन तास होते त्याचे पाच केले. बोट जरा खाली आलं की पेन्सिल.

तीन आठवड्यांनी ती म्हणाली, ‘सर, हात दुखतोय. हितून हितपर्यंत.’ आणि तिनं मनगटापासून कोपरापर्यंत बोट फिरवलं. मी म्हणालो, दुखणारच. आणखी आठवड्यानं म्हणाली, ‘सर, सकाळी भाकरी थापताना बोटं मुडपत न्हाईत. त्ये बोट जरा खाली ठिवलं तर चालंल का? दोनच दिवस.’

मी काय बोललो ते शब्दाला शब्द आठवतं, कारण नंतर ते मला पुष्कळ वेळा ऐकू आलं. मी म्हणालो, ‘तुझे तर उसाचे हात आहेत. कोयत्याला दुखत नाहीत आणि इथं बरे दुखतात.’

क्लासमध्ये आणखी तिघे होते. एक जण हसला. रेखानं गिटार स्टँडवर ठेवली, तारा पुसायचं फडकं घडी घालून जागेवर ठेवलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. पुण्यालाही गेली नाही. मी बायकोला म्हणालो, बघ, कष्ट नकोत कुणाला. पुढची कित्येक वर्षं क्लासमध्ये नवीन आलेल्यांना मी तिचं उदाहरण द्यायचो, नाव न घेता. एक मुलगी होती, दारापर्यंत पोचली होती आणि हात दुखतो म्हणून पळाली.

गेल्या वर्षी गायकवाडसाहेबांच्या मुलीचा, शालिनीताईंचा फोन आला. साहेब जाऊन बराच काळ झाला होता. ताई भिंगारचं घर रिकामं करून लेकाकडे निघाल्या होत्या. ‘बाबांचं वाद्याचं सामान आहे, तुम्हीच घेऊन जा,’ म्हणाल्या. मी गेलो. एका पेटीत नोटेशनचे कागद, तुटक्या तारा आणि तळाशी फोटोंचं एक पाकीट. त्यात साहेबांचा तरुणपणीचा फोटो होता, गणवेशात, उभ्या बेसला बिलगून. मी नेहमीच्या सवयीनं हात पाहिला. चारही बोटं खाली होती. अनामिका करंगळीच्या जोडीला तारेवर टेकलेली, सैल, आरामात.

मी ताईंना विचारलं, ‘हे असं कसं? साहेब तर हे बोट वर ठेवायचे.’

‘ते नंतर,’ ताई म्हणाल्या. त्या भांडी कागदात गुंडाळत होत्या. ‘अंगणातल्या पाण्याच्या टाकीचं लोखंडी झाकण पडलं होतं ना त्या बोटावर. मी तेव्हा दहावीत होते. बोट वाचलं, पण वाकायचंच बंद झालं. वाजवताना आडवं यायचं म्हणून ते वर धरायचे. तुम्हाला माहीत नव्हतं?’

त्या आपल्याच नादात बोलत राहिल्या. ‘आई म्हणायची त्यांना, अहो, त्या पोराला सांगा, तो तुमचं मोडकं बोटसुद्धा उचलतोय. बाबा म्हणाले, आता सांगितलं तर बिचारा पहिल्यापासून शिकत बसेल. चांगला वाजवतोय, राहू दे. आणि खरं सांगू का, त्यांना ते आवडायचं. म्हणायचे, माझं लंगडणंही कुणीतरी मन लावून शिकतंय.’

मी पेटी न घेताच निघालो. बाजारातून चालत कुठपर्यंत गेलो ते आठवत नाही. मला साहेबांचा राग आला, तो पाच मिनिटं टिकला. ते त्यांच्या जागी बसून वाजवत होते, बस्स. वर्षभर रोज सकाळी त्यांच्यासमोर बसून, त्यांचा हात डोळ्यांनी पिऊन, ‘साहेब, हे बोट असं का?’ एवढे पाच शब्द मी विचारले नाहीत. आणि मग न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी तयार केलं, पवित्रकासकट. हॉटेलमालकाला मी हसलो होतो. त्यांनी निदान खोटं वाजवलं ते एकाच लग्नात.

उभ्या बेसवर अनामिका करंगळीला मदत म्हणून तिच्या शेजारी खाली ठेवतात, हे मी नंतर चौकशी करून समजून घेतलं. बेस गिटारवर ती स्वतंत्र चालते. वर कुणीच धरत नाही, ज्याचं बोट वाकत नाही तो सोडून.

देवळाली प्रवराला जायला मला तीन महिने लागले. एसटीनं तास-दीड तासाचा रस्ता, तरी तीन महिने. रेखा तिथल्या एका शाळेत शिकवते आणि दुपारनंतर घरी गाण्या-बजावण्याचा क्लास घेते, एवढं मला एका जुन्या विद्यार्थ्याकडून माहीत होतं. ओसरीवर ती मुलांच्या वह्या तपासत बसली होती. मला बघून उठली, पदर नीट केला आणि म्हणाली, ‘सर, या की. पानी आनते.’ तिची आई आत पोळपाटाशी होती. कोपऱ्यात एक बेस गिटार भिंतीला टेकवलेली होती आणि वर पुठ्ठ्यावर पंजा काढून बोटांना आकडे घातले होते. एक, दोन, तीन, चार. अनामिकेवर तीनचा आकडा होता.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. झाकण, बोट, फोटो, सगळं. शेवटी म्हणालो, ‘ते बोट वर धरायचं नव्हतंच. माझं चुकलं.’

‘म्हाईत हाय सर,’ ती म्हणाली. ‘हात लईच सुजला तवा डॉक्टरीनबाईंकडं गेल्ते. त्यांनी इचारलं, ह्ये बोट असं वर धराया कोन सांगतं तुला? मी तुमचं नाव न्हाई सांगितलं. म्हनलं, माझी मीच शिकले.’

दोन वर्षं तिनं गिटारला हात लावला नव्हता. मग हळूहळू, बोट खाली ठेवून, पहिल्यापासून. तोवर पुण्याच्या मुलींना दुसरी कुणी मिळाली होती. ‘मोबाईलवर बघते मी त्यांचं,’ ती म्हणाली. ‘चांगल्या वाजवत्यात. बेसवाली जरा घाईत असती.’ हे तिनं ज्या तिरक्या सुरात म्हटलं तो सूर माझा होता, आणि मला ओशाळल्यासारखं झालं.

मी म्हणालो, ‘रेखा, मी त्या दिवशी उसाच्या हातांबद्दल जे बोललो...’

तिनं आत स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. ‘दुखन्याचं काई न्हाई सर. हात बरा झाला. पन ते मी घरी कदी सांगितलं न्हाई. आई इचारायची, क्लास का सोडला? काय सांगनार? तिचेच हात हायेत ना त्ये.’

आतून आई म्हणाली, ‘रेखा, सरांना च्या टाक.’ त्या बाहेर आल्या आणि पिठाचे हात तसेच जोडले. मीही जोडले. त्यांच्या हातांकडे बघायचं धाडस मला झालं नाही, पण दिसायचे ते दिसलेच.

चहा झाल्यावर रेखानं भिंतीची गिटार आणून माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, ‘वाजवा.’ मी एक-दोन-चार वाजवलं, वर्षानुवर्षांच्या सवयीनं. ती म्हणाली, ‘तीन कुटं गेला?’ मी अनामिका खाली आणायला गेलो. ती येईना. करंगळी दाबली की अनामिका आपोआप वर. मी दुसऱ्या हातानं ती धरून तारेवर ठेवली, सोडली, की पुन्हा वर. गायकवाडसाहेबांचं बोट निदान झाकण पडून मोडलं होतं. माझं मी रोज सकाळी उठून, मेट्रोनोम लावून, मन लावून मोडलं होतं.

रेखानं पेन्सिल उचलली. क्षणभर मला वाटलं मारते की काय. तिनं ती माझ्या अनामिकेवर आडवी धरली, न मारता, नुसतं ओझं म्हणून, आणि म्हणाली, ‘सावकाश. परत.’

जिल्ह्यात आणि बाहेर माझे जेवढे विद्यार्थी आजही बोट वर धरून वाजवत असतील, त्यांच्यातल्या ज्यांचे पत्ते होते त्यांना मी कळवलं आहे. काहींनी फोन उचलला नाही. एकानं सांगितलं, ‘सर, आता आमची ओळखच ती आहे.’ बाकीच्यांसाठी हा लेख. बोट खाली ठेवा. पवित्रकाचं जे सांगितलं होतं ते मनाचं होतं.

दर गुरुवारी मी दुपारच्या एसटीनं देवळाली प्रवराला जातो. तिच्या क्लासमधली पोरं तिसऱ्या घरावर अनामिका सहज ठेवतात आणि माझ्याकडे बघून हसतात. मेट्रोनोम मिनिटाला चाळीसवर, दोन ठोक्यांमध्ये जांभई येते. माझा एक-दोन-तीन-चार अजून धड होत नाही, तीन अडखळतो. परवा निघताना चपला घालता घालता मी रेखाला विचारलं, ‘पहिलं गाणं कधी?’

तिनं वहीवरून मानही वर केली नाही. म्हणाली, ‘सहा महिने, सर. तुमाला जास्ती लागतील.’